नाव एका जागी, इतिहास दुसऱ्या जागी: अहमदनगरच्या भुईकोटाचे जतन

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर एक अष्टकोनी, तिमजली वास्तू आहे. ती निजामशाहीतील मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर होय. लोक मात्र तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. चांदबिबीने 1595–96 च्या वेढ्यात जो तट लढविला, सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजवून घेतले, तो तट येथे नव्हे. तो शहरालगतच्या भुईकोट किल्ल्याचा. नाव डोंगरावर आणि इतिहास किल्ल्यात, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

हे नाव कसे रूढ झाले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंतु स्थलनामांच्या अभ्यासकास एक गोष्ट परिचित असते: जेथे माणसांचा राबता असतो, तेथे नावे टिकतात. डोंगर मोकळा आहे. किल्ला मात्र 12 ऑगस्ट 1803 रोजी वेलस्लीने घेतला, पुढे तो लष्कराच्या हाती राहिला, आणि आजही तेथील प्रवेश लष्कराच्या अनुमतीवर अवलंबून आहे.

किल्ल्याच्या जतनाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात मुख्य भर 1942 ते 1945 या काळावर असतो. हा भर अनाठायी नाही. काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथे स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथेच इंग्रजीत लिहिले, तर मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधील उर्दू पत्रेही येथलीच. परंतु तीन वर्षांच्या स्मृतीखाली साडेचार शतके झाकली जावीत, हे योग्य नव्हे. निजामशाही, मोगल, 1759 नंतर पेशवे, पुढे शिंदे आणि इंग्रज, एवढ्या सत्ता या तटाने पाहिल्या. 'भुई' आणि 'कोट' हे शब्द संस्कृत परंपरेतून आले; 'किल्ला', 'बुरूज', 'खंदक' हे अरबी-फारसीतून. या वास्तूचे वर्णन करणारी मराठीच तिच्या संमिश्र वारशाची साक्ष देते.

जतन आणि प्रवेश ही दोन निराळी कामे मानली जातात, येथेच मूळ दोष आहे. तटाच्या सांध्यांत रुजलेली झाडे वेळीच काढणे, दुरुस्तीत सिमेंट टाळून चुना वापरणे (सिमेंट ओल आत कोंडते व दगड झिजवते), खंदकातील पाण्याचा निचरा राखणे, ही कामे सातत्य मागतात. हे सातत्य केवळ आदेशाने येत नाही. ज्यांना ती वास्तू आपली वाटते, त्यांच्या नित्य नजरेने येते. वर्षानुवर्षे आत न गेलेल्या नगरकरास तटावरचा पिंपळ खटकणार कसा?

लष्कराची सुरक्षेची अडचण खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. तथापि पुढील मागण्या त्या मर्यादेतही बसतील: प्रवेशाचे दिवस व वेळ निश्चित करून त्यांना शहरात ठळक प्रसिद्धी द्यावी; जिल्ह्यातील शाळांसाठी वर्षातून ठरावीक दिवस राखावेत; वृद्ध व अपंग यांना जाता येईल अशी एक सपाट वाट असावी; आणि माहितीफलक मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असावेत, त्यांवर खिंडाराची हकीकतही यावी.

असे झाल्यास डोंगरावरचे नाव खोडण्याची गरज उरणार नाही. चांदबिबीला तिचा तट परत मिळेल, एवढे पुरे.