इमारतींचे बाह्य आवरण आणि अग्निसुरक्षेचे नियम : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
1954 साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या परिसराच्या औद्योगिकीकरणाला गती मिळाली. त्या पिढीतील कारखान्यांच्या भिंती प्रामुख्याने विटांच्या व दगडाच्या होत्या. आज चाकण परिसरात फोम भरलेल्या पत्र्याच्या पॅनेलचे कारखाने व गोदामे दिसतात, तर शहरातील व्यापारी संकुलांचे दर्शनी भाग काच आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संमिश्र पत्र्याने, म्हणजे बोलीभाषेतील ‘एसीपी शीट’ने, मढविलेले आढळतात. भिंतीचे द्रव्य बदलले. परंतु नियमांची दृष्टी त्या प्रमाणात बदलली काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आवरण व आगीचे स्वरूप :
संमिश्र पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये गाभा असतो. हा गाभा पॉलिइथिलीनचा असल्यास आग लागताच तो वितळून पेटतो. आवरण व मूळ भिंत यांमधील पोकळी धुराड्याचे काम करते आणि ज्वाळा बाहेरून वरच्या मजल्यांवर पोहोचतात. लंडनमधील 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी एका सदनिकेतील आग याच मार्गाने पसरली व 72 जणांचा बळी गेला. पुढे 2018 मध्ये इंग्लंडने 18 मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वालाग्राही साहित्यास बंदी घातली. काचेचे आवरण स्वतः पेटत नसले तरी धूर कोंडून धरते. 18 जुलै 2014 रोजी अंधेरीतील लोटस बिझनेस पार्कच्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाला प्राण गमवावे लागले. त्या वेळी काचेच्या आवरणामुळे बचावकार्यात आलेल्या अडथळ्यांची चर्चा झाली होती.

नियमांची चिकित्सा :
राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या चौथ्या भागात काचेच्या दर्शनी भागासंबंधी तपशीलवार तरतुदी आहेत. मजल्याचा स्लॅब व आवरण यांमधील फट अग्निरोधक साहित्याने बंद करणे, प्रत्येक मजल्यावर उघडता येणारी तावदाने ठेवणे इत्यादी बाबी तीत येतात. संमिश्र पत्र्याच्या गाभ्याचा विचार मात्र तेवढ्या तपशिलाने येत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 ने मालक व भोगवटादार यांच्यावर जबाबदारी टाकली. परवानाधारक संस्थेचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. ही तरतूद निश्चितच स्वागतार्ह होय. तथापि हे प्रमाणपत्र बसविलेल्या यंत्रणा सुस्थितीत असल्याचे सांगते. पंप चालतो, पाण्याला दाब आहे, हे त्यावरून कळते. भिंतीवर काय चढविले आहे, हे कळेलच असे नाही. इमारत पूर्ण झाल्यावर जाहिरात फलकासाठी वा नूतनीकरणासाठी चढविलेले आवरण तर मूळ मंजूर नकाशातही नसते. कायद्याची नजर नळावर आहे, भिंतीवर नाही.

स्थानिक वास्तव :
या पट्ट्यात महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ व महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशी नियोजन प्राधिकरणे हद्दीनुसार बदलतात. साहित्याची नोंद ठेवण्याची समान पद्धत नसेल तर एकाच प्रकारच्या शेडला रस्त्याच्या दोन बाजूंना दोन न्याय लागू शकतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 30 ऑगस्ट 2023 रोजी चिखलीतील पूर्णानगर येथे दुकानात झोपलेल्या कुटुंबातील चौघांचा मृत्यू आणि 8 डिसेंबर 2023 रोजी तळवडे येथे ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात महिला कामगारांचा झालेला अंत, या घटनांचे खापर बाह्य आवरणावर फोडता येणार नाही. नियम कागदावर असणे आणि तो जागेवर पोहोचणे यांत किती अंतर असते, एवढेच त्या दाखवितात. म्हणूनच केवळ नवा नियम करणे पुरेसे ठरणार नाही.

समारोप :
सुट्या पत्र्याची नव्हे, तर चौकट, पोकळी व उष्णतारोधक थरासह संपूर्ण रचनेची अग्निचाचणी ग्राह्य धरावी. गाभ्याचा प्रकार मंजूर नकाशावर नोंदवावा. आवरण बदलताना अग्निशमन विभागाची पूर्वपरवानगी सक्तीची करावी. आणि ‘ब’ नमुन्यात बाह्य भिंतीचा स्वतंत्र रकाना असावा. खनिज गाभ्याचा पत्रा महाग पडतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु स्वस्त आवरणाची उरलेली किंमत आत काम करणारा कामगार आणि शिडीवर चढणारा जवान मोजत असतो, याचा हिशेब नियमकर्त्यांनी मांडला पाहिजे.