बदलीवर आलेला पाद्री

गिरणीत 'बदली' म्हणजे काय ते इथं कुणाला सांगायला नको. कायम कामगार आला नाही की गेटवर उभा असलेला बदलीवाला त्याच्या साच्यावर जातो. तेच मशीन, तोच गोंगाट, नाकात तोच कापूस. म्हणून चर्चवाल्यांच्या कागदात 'कार्यकर्त्यांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण' असं वाचलं की मी एकच विचारतो : कोण कुणाच्या साच्यावर उभा राहिला?

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या माधवनगरला लांबचा नाही. सांगली ओलांडली की वानलेसवाडी, पुढं मिरज. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली इकडं आला. १८९४ साली त्यानं मिरजेत दवाखाना उघडला, १८९७ पासून वैद्यकी शिकवायला घेतली. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होता त्यांच्या अंगाला हात लावून तपासणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ते नाकारलं तर आपण कृतघ्न ठरू. पण ती देवाणघेवाण नव्हती. ते नुसतं देणं होतं. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली.

चर्चला हे कळलं नाही असंही नाही. पुढं अमेरिकेतले प्रेस्बिटेरियन 'मिशनरी' सोडून 'बंधुसेवक' म्हणायला लागले, मग 'सहकारी'. १९७० साली नागपुरात वेगवेगळी चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. १९७१ साली पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या जॉन गाटूंनी तर गोऱ्या चर्चेसना तोंडावर सांगितलं, की काही वर्षं तुमची माणसं आणि तुमचा पैसा दोन्ही थांबवा, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. मला हा माणूस फार आवडतो. शब्द बदलले, ठीकच झालं. साचा बदलला का, ते बघायचं तर एक गोष्ट ऐका. ती आपल्याच नागपूरची आहे आणि आपल्यातच कुणी सांगत नाही.

जेम्स लॉसन. अमेरिकेतला काळा मेथडिस्ट. कोरियाच्या लढाईसाठी भरती व्हायला नकार दिला म्हणून वर्षाहून जास्त तुरुंगात. सुटल्यावर त्याच्या चर्चच्या मिशन बोर्डानं १९५३ साली त्याला नागपूरला पाठवलं, स्कॉटिश मिशनच्या हिस्लॉप कॉलेजात. पोरांना खेळ शिकवायचा, त्यांच्यात काम करायचं. वय पंचवीस, म्हंजे आपल्याएवढंच. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची बातमी त्यानं नागपूरच्या पेपरात वाचली. १९५६ साली तो परत गेला, १९५७ साली मार्टिन लूथर किंगना भेटला. मग नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना त्यानं तयार केलं. मार खायचा पण लंच काउंटरवरून उठायचं नाही. १९६० साली ते बसले. लॉसनला त्याच्या विद्यापीठानं काढून टाकलं. १९६८ साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला, दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेल्यावर. त्या संपाच्या डावपेच समितीचा प्रमुख हाच लॉसन. किंगना तिथं बोलावलं ते त्यानंच. कामगारांच्या गळ्यातल्या पाटीवर एवढंच लिहिलेलं होतं, की मी माणूस आहे.

चर्चच्या देवाणघेवाणीत असं पीक क्वचित येतं. गेलेला माणूस इथून काहीतरी घेऊन गेला आणि तिकडं त्यानं आग लावली. मानलं पाहिजे.

पण काय घेऊन गेला? सगळीकडं एकच उत्तर : गांधी. माझी तक्रार इथून सुरू होते. ज्या शहरात तो तीन वर्षं राहिला त्याच शहरात, तो परतला त्याच साली, १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. नॅशव्हिलमध्ये पोरं काय मागत होती? सगळ्यांबरोबर बसून खायचा हक्क. १९२७ साली महाडला आपले लोक काय मागत होते? सगळ्यांच्या तळ्यातलं पाणी. पाणी प्यायले आणि डोकी फुटेस्तोवर मार खाल्ला, उलटा हात उचलला नाही. नॅशव्हिलचा सख्खा भाऊ दांडी नाही, महाड आहे. आणि ज्यानं महाड केलं त्यानं १९४६ साली काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढच्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली होती. तार जोडलेली होती. लॉसनच्या गोष्टीत मात्र ती दिसत नाही.

मी दोष लॉसनला देत नाही. पाहुण्याला यजमान जे घर दाखवतो तेच त्याला गाव वाटतं. चर्चची देवाणघेवाण कमिटीकडून कमिटीकडं चालते, वस्तीकडून वस्तीकडं नाही. बाबासाहेबांनी मिशनऱ्यांवर बोट ठेवलं ते इथंच. आधी ते ब्राह्मणांच्या मागं लागले, आणि ज्या अस्पृश्यांना त्यांनी घेतलं त्यांना अन्यायाशी भांडायला शिकवलं नाही.

आमच्या भावकीतलं एक घर ख्रिस्ती आहे. त्यांच्याकडं मागं परदेशी पोरं आली होती, स्वयंसेवक म्हणून. चांगली पोरं. तीन आठवडे राहिली, भिंती रंगवल्या, आमच्याबरोबर भाकरी खाल्ली. जाताना एकानं मला विचारलं, तू कधी येणार आमच्याकडं? मी हसलो. तो गंभीर होता हे नंतर लक्षात आलं. त्या घरातल्या पोराला १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला नाही. शिखांना तो १९५६ ला मिळाला, आपल्याला १९९० ला. जात तीच, वस्ती तीच, सवलत नाही. असा पोरगा बदलीवर तिकडं जाऊन त्यांच्या साच्यावर उभा राहील, त्यांच्या भिंती रंगवील, त्यांच्यातल्या काळ्यांच्या वस्तीत तीन आठवडे काढील आणि परत येऊन आपल्याला सांगील, त्या दिवशी मी 'देवाणघेवाण' हा शब्द अवतरणचिन्हाशिवाय लिहीन.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिकडच्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्यातलाच एक तीन वर्षं नागपुरात राहून गेला होता, त्याची चौकशी कुणी केली? लॉसन २०२४ साली गेला. विचारायचं राहिलं.

नागपूरच्या मित्रांना एक काम सांगतो. १९५३ ते ५६ मध्ये हिस्लॉपात शिकलेले आपल्या वस्त्यांतले कुणी म्हातारे अजून असतील, नव्वदीला टेकलेले. त्यांना गाठा. तो काळा पाद्री कधी इंदोऱ्याला आला होता का, कुणाच्या घरी बसला होता का, आणि तेव्हा काय बोलणं झालं, एवढं विचारून लिहून पाठवा. अंकात जागा ठेवतो.