तोंड कोणाकडे? : 'अस्मितादर्श' आणि आफ्रिकी तत्त्वज्ञान

एखादं वैचारिक नियतकालिक हातात आलं की आम्ही आधी एकच पाहतो : याचं तोंड कोणाकडे आहे?

1947 साली अलिऊन दिओप यांनी पॅरिसमध्ये 'प्रेझाँस आफ्रिकेन' काढलं. आपल्याकडे 'नवभारत'ही त्याच सालचं. 'प्रेझाँस'ने 1949 मध्ये टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याचं बांटू तत्त्वज्ञानावरचं पुस्तक फ्रेंचमध्ये छापलं. आफ्रिकी माणसालाही तत्त्वज्ञान असतं, असं त्यात सांगितलेलं. पण कोणाला? युरोपला! बेनिनच्या हुंतोंजींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. अख्ख्या जमातीच्या नावावर एकच एक तत्त्वज्ञान चढवायचं, तर त्यात वाद घालणारा माणूस कुठे गेला? आणि आफ्रिकी अभ्यासकसुद्धा बाहेरच्याच वाचकासाठी लिहीत राहतो, ही त्यांची दुसरी तक्रार.

या कसोटीवर 'अस्मितादर्श' पाहा. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात हे त्रैमासिक उभं राहिलं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे तिथे कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल बोलत होते. आणि आपल्या नागपूरचे गंगाधर पानतावणे यांनी ते जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. (पदरमोड करून अंक काढणं म्हणजे काय, ते काढणाऱ्यालाच ठाऊक.) त्याचं तोंड पहिल्यापासून आपल्याच माणसांकडे होतं. लेखक-वाचक मेळाव्यात वाचक उठून लेखकालाच जाब विचारी. हुंतोंजींना जे हवं होतं, ते इथे मराठीत घडत होतं. आमच्या तत्त्वज्ञान विभागांनी मात्र त्याला 'साहित्यिक' म्हणून बाजूला ठेवलं. हा आमच्या मते त्या विभागांचा दोष.

पण दोष अंकांचाही आहे. कविता, कथा, आत्मकथनं भरपूर. एखादी संकल्पना चार अंक लावून धरली, असं क्वचित. 'अस्मिता' हा शब्दच घ्या. तो नावात आहे. योगसूत्रांत मात्र अस्मिता हा क्लेश आहे, सोडायची गोष्ट! जिला सोडायला सांगितलं तीच आम्ही मिळवणार, असं म्हणण्यात केवढा वाद दडलाय. तो कुणी सविस्तर घालायला हवा होता. फुल्यांनी 1873 ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली, बाबासाहेबांनी 1946 मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहिलं, हे दाखले आपण देतो आणि थांबतो.

घानाचे क्वासी विरेदू थांबले नाहीत. देकार्तचं 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य त्यांनी आपल्या आकान भाषेत घालून पाहिलं. तिथे 'आहे' म्हटलं की 'कुठे?' हे आलंच. नुसतं असणं त्या भाषेत बसेना. मराठीत ते वाक्य बिनबोभाट बसतं. म्हणून ते खरं ठरतं का?

यवतमाळात बसून हे बोलताना आम्हाला झरी जामणी, मारेगाव आठवतं. तिथल्या पोडांवर कोलामी बोलतात. देकार्तचं ते वाक्य कोलामीत घालून पाहणारा विद्यार्थी आम्हाला हवाय. तो स्वतः कोलाम असेल तर उत्तम. आणि तो लेख छापायचा तर मराठी-कोलामी दोन्हींत, समोरासमोर. संपादक कोण होतो, बोला.