किमान लँग्वेज सर्व्हर : रचना, मर्यादा आणि देवनागरी मजकूर

प्रस्तावना :
टेक्स्ट एडिटरमध्ये प्रोग्राम लिहिताना अर्धवट टंकलेला शब्द पूर्ण करून सुचविण्याची सोय सर्वपरिचित आहे. पूर्वी ही सोय प्रत्येक एडिटरसाठी व प्रत्येक भाषेसाठी बहुधा स्वतंत्रपणे घडवावी लागे. मायक्रोसॉफ्टने जून २०१६ मध्ये रेड हॅट व कोडेन्व्ही यांच्यासमवेत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला आणि ही पुनरावृत्ती टाळण्याचा मार्ग खुला झाला. दहा भाषा व पाच एडिटर असल्यास पन्नास जोडण्यांऐवजी दहा सर्व्हर व पाच क्लायंट पुरतात. प्रस्तुत लेखात अशा किमान सर्व्हरच्या रचनेची चिकित्सा केली आहे.

रचना :
सर्व्हर हा एडिटरने सुरू केलेला स्वतंत्र प्रोग्राम असतो. दोहोंतील संवाद बहुधा स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून, जेसॉन-आरपीसी २.० पद्धतीने चालतो. प्रत्येक संदेशापूर्वी 'कन्टेन्ट-लेंग्थ' हे लांबीदर्शक शीर्ष येते. 'इनिशियलाइझ' विनंतीच्या उत्तरात सर्व्हर आपल्या क्षमता कळवितो. 'डिडओपन' व 'डिडचेंज' या सूचनांतून मजकूर मिळतो, तर 'कम्प्लीशन' विनंतीतून कर्सरचे स्थान कळते. प्रत्येक बदलानंतर संपूर्ण मजकूर मागविण्याचा पर्याय स्वीकारल्यास काम आणखी सोपे होते. कर्सरआधीचा शब्दांश ओळखून आरक्षित शब्द व फाइलमधील नावे यांतून जुळणारे पर्याय परत केले, की किमान सर्व्हर सिद्ध झाला असे मानले जाते.

चिकित्सा :
या रचनेचे शैक्षणिक मूल्य निर्विवाद आहे. प्रक्रियांतील संवाद, संदेशांची मांडणी व शब्दविच्छेद हे घटक विद्यार्थ्यास एकाच लहान प्रकल्पात हाताळता येतात. तथापि, 'किमान' या संकल्पनेतून मोजमापाची शुद्धता वगळली जाण्याचा धोका असतो. 'नमस्कार' हा शब्द वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याचे सात घटक, यूटीएफ-१६ मध्ये सात एकके, तर यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट होतात. शीर्षातील लांबी बाइटमध्ये असते. ती अक्षरसंख्या समजून वाचणारा सर्व्हर या एका शब्दामुळे चौदा जास्तीची अक्षरे मागतो. परिणामी तो खोळंबतो किंवा पुढील संदेशाचा आरंभ गिळतो.

कर्सरचे स्थान मात्र मूलतः यूटीएफ-१६ एककांत येते. ओळीच्या आरंभी हा शब्द असता सातवे स्थान म्हणजे एकविसावा बाइट होय. बाइटनिहाय सातव्या स्थानी काप घेतल्यास तिसऱ्या घटकाचे तुकडे होतात. गो भाषेत तुटके बाइट हाती येतात, तर रस्टमध्ये प्रोग्रामच थांबतो. पायथनमध्ये देवनागरीपुरती गणना जुळते. पण एखादे इमोजी आल्यास चुकू शकते, कारण बहुतेक इमोजी यूटीएफ-१६ मध्ये किमान दोन एकके व्यापतात. केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतल्यास यांपैकी एकही दोष दृष्टीस पडत नाही. दोष काही अंशी प्रोटोकॉलचाही आहे. एकाच संवादात दोन भिन्न मापे वापरणे गोंधळास निमंत्रण देते. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत स्थानाचे माप परस्परसंमतीने ठरविण्याची तरतूद झाली. परंतु यूटीएफ-१६ ची अनिवार्यता कायम राहिली.

निष्कर्ष :
किमान सर्व्हरमध्ये सुविधा कमी असाव्यात, अचूकता नव्हे. बाइट, युनिकोड घटक व यूटीएफ-१६ एकक यांतील भेद हा प्रगत भाग नसून पहिल्याच पाठाचा विषय आहे. मराठी टिप्पणी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या फाइलवर जो सर्व्हर कोलमडतो, तो किमान नसून अपूर्ण आहे. म्हणून प्रकल्पाच्या मूल्यमापनात देवनागरी मजकुराची एक तरी चाचणी अनिवार्य असणे उचित ठरते.