देवाने राखलं म्हणता, मग बैठक कोणी घेतली?

मुरुडच्या समुद्रावर सुट्टी घालवून परतताना काही जण वाटेत एखादी देवराई बघतात. चपला बाहेर राहतात, मोबाईल आत जातो. संध्याकाळी रील येतं: गर्द सावली, जाडजूड वेल, मागे बासरी आणि खाली एक ओळ, 'देवाच्या भीतीने राखलेलं जंगल'.

देवराईबद्दलचं बरंचसं मराठी लेखनही इथेच थांबतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (2004) चित्रपटात राई ही शेषच्या मनाचं रूप होऊन येते. तिथे ते शोभतं, कारण चित्रपटाचा विषय स्किझोफ्रेनिया आहे. पण आपण बाकीचेही राईकडे गूढ म्हणूनच बघतो आणि ती राखणारी माणसं चौकटीबाहेर राहतात.

म्हणूनच मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक मला राईवरच्या कितीतरी लेखांपेक्षा जास्त कामाचं वाटतं, त्याचा विषय देवराई नसला तरी. मेंढा हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं लहानसं गाव. 2006च्या वनहक्क कायद्याखाली त्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

'शाळा' लिहिणाऱ्या लेखकाला यातून नायकाची कादंबरी सहज रचता आली असती. बोकील बैठकांवर भर देतात. अभ्यासगट कसा चालतो, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने का घ्यायचा, हे ते शांतपणे मांडतात. वाचताना मध्येच कंटाळा येतो. पण जंगल राखणं हे असंच चिवट, रोजचं काम असतं, हे त्या कंटाळ्यातूनच पटत जातं.

आता याच नजरेने कोकणाकडे बघा. मुरुडच्या उत्तरेला बाणकोटची खाडी ओलांडली की श्रीवर्धन तालुका लागतो. तिथल्या गाणी गावची काळकाईची राई 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तोडीसाठी आखली गेली, तेव्हा गावकऱ्यांनी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्याकडे मदत मागितली. त्यांचं म्हणणं पाण्याचं होतं: राई गेली तर ओढा आटेल. काळकाईवर श्रद्धा होतीच, पण हिशोबही पक्का होता. राईतलं झाड काढायचं तर देवीचा कौल लावतात, तोही गावकर आणि मानकरी जमल्यावर. कौल हीसुद्धा एक बैठकच.

सगळं श्रेय भीतीला दिलं की दोन गोष्टी समजेनाशा होतात. एक, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवाच्याच राईतली झाडं विकल्याची उदाहरणं कोकणात आहेत. देव तोच होता, गावाचा निर्णय बदलला होता. दुसरी, राखणारा देवच असेल तर माणसांनी हक्क कशाच्या जोरावर मागायचा? मग सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचा शब्द शेवटचा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन फार थोडी आहे आणि बहुतेक झाडी खाजगी मालकीची, त्यामुळे हा प्रश्न इथे जास्तच टोचतो.

मेंढ्याचा धडा मात्र जसाच्या तसा इथे उचलून आणता येणार नाही. ते एका जमातीचं गाव. कोकणात वाड्या आहेत, जाती आहेत, पालखीपासून कौलापर्यंत ठरलेले मानपान आहेत. दापोली-मंडणगडात कातकरी वाड्याही आहेत. जंगलाची ओळख त्यांना कोणाहून कमी नाही, पण मानकऱ्यांच्या ओळीत त्यांना जागा नसते. सर्वसहमती म्हणायची, तर त्या 'सर्व'मध्ये कोण कोण, हे आधी ठरवावं लागेल. या प्रश्नाला मेंढ्याच्या गोष्टीत उत्तर सापडत नाही, पण तो विचारायला मात्र ती शिकवते.

पुढच्या वेळी राईत गेलात तर वेलीचा फोटो जरूर काढा. मग गुरवाला किंवा वाडीतल्या एखाद्या आजींना विचारा: इथलं शेवटचं झाड कधी तुटलं, आणि ते कोणी ठरवलं?