'याड लागलं' : इच्छेचा आवाज आणि नंतरची शांतता

आज आपण एका गाण्याकडे बघणार आहोत. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६च्या एप्रिलमध्ये आला. संगीत अजय-अतुल यांचं, आणि 'याड लागलं' गायलंय स्वतः अजय गोगावले यांनी. 'झिंगाट' वरातीत वाजतं, ते सगळ्यांचं असतं. 'याड लागलं' मात्र एकट्यानं, कानात इअरफोन घालून ऐकायचं गाणं आहे. चाकणहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रात्रपाळी संपवून बसलेला पोरगा डोळे मिटून ऐकतो, तसं.

आता शब्द बघा. 'वेड' नव्हे, 'याड'. सोलापूर-मराठवाड्याकडून इथं आलेली पोरं मुलाखतीत, साहेबापुढे हा शब्द गिळतात. लावणीत इच्छा होती, पण ती बाईच्या तोंडी घालून पुरुषांपुढे मांडलेली. भावगीतात होती, ती प्रमाणभाषेत, नेटकी. गावाकडच्या पोराचं प्रेम पडद्यावर बहुतेक वेळा हसण्यावारी गेलं. इथं त्याच्या 'याड'मागे लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलेला सिंफनी वाद्यवृंद उभा राहतो. व्हायोलिनांचा अख्खा ताफा त्या एका बोलीतल्या शब्दाला खांदा देतो. आम्हाला वाटतं, गाण्याची खरी किमया ती हीच.

प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये सॉक्रेटिस एक कथा सांगतो. प्रेमदेव इरॉस हा दारिद्र्याचा आणि युक्तीचा मुलगा. म्हणजे इच्छा मुळात उणिवेतून जन्मते. 'याड लागलं'चं सुरांचं चढत जाणं ऐका, पण तिथं उणीव जाणवत नाही. सगळं मिळाल्यासारखं वाटतं. सूर असे फुलतात की जणू आभाळ, शेत, विहीर, सगळ्यांनीच होकार दिलाय. आणि जिच्यासाठी हे याड, ती त्या आवाजात नाही. आहे ती फक्त त्याची अवस्था. तिच्या मनातलं ऐकायला 'आताच बया का बावरलं' या श्रेया घोषाल यांच्या गाण्याकडे जावं लागतं.

इथं आमचा आक्षेप आहे, पण तो गाण्यावर नाही, आपल्या ऐकण्यावर आहे. मंजुळे यांनी या भव्य आवाजाचा हिशेब चित्रपटाच्या शेवटी चुकता केलाय. जात आडवी येते, दोघांचा खून होतो आणि त्यानंतर संगीत नाही, काहीच नाही. लहान मूल रक्तात पाय भिजवून चालत जातं, तेही नि:शब्द. जगानं होकार दिलेला नव्हताच, हे ती शांतता सांगते. ज्यानं एवढा मोठा वाद्यवृंद ऐकलाय, त्यालाच ती शांतता ऐकू येते.

मोबाईलवर मात्र आपण गाणं तेवढं उचललं आणि शांतता मागे टाकली. आभाळाएवढी इच्छा आपल्याला हवी. तिच्या वाटेत उभं असलेलं आपलंच घर, आपलीच भावकी मात्र दिसायला नको. तेव्हा पुढच्या वेळी हे गाणं संपलं की लगेच दुसरं लावू नका. थोडा वेळ काहीच ऐकू नका. त्या गाण्याचं शेवटचं कडवं तिथं आहे.