डुक्कर फियाटची चिकित्सक आवृत्ती

जुन्या मोटारींच्या जगात दोन संप्रदाय आहेत. एक शुद्धिवाद्यांचा, दुसरा सुधारकांचा. शुद्धिवादी म्हणतो, गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तश्शी करा. स्क्रूसुद्धा त्या काळचा हवा. सुधारक म्हणतो, वरचा पत्रा तेवढा जुना ठेवा, आत सगळं नवं भरा. पहिल्याच्या गाडीत बसायची भीती वाटते, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर ती जुनी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. दोघेही स्वतःला जुन्याचे भक्त म्हणवतात. प्रत्यक्षात दोघांचाही मधल्या साठेक वर्षांवर मनापासून राग असतो.

माझा या वादाशी संबंध जावई म्हणून. सासरेबुवांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत १९५७ सालची एक फियाट अकराशे आहे. जुने मुंबईकर जिला डुक्कर फियाट म्हणतात, ती. समोरून एकदा पाहिली की नावाचा वेगळा खुलासा करावा लागत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली, इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दार उघडलं की गाडी ‘या, बसा’ म्हणते. चालत्या गाडीत उघडलं तर ‘या’ऐवजी ‘जा’ म्हणते.

थोरले मेव्हणे शुद्धिवादी, धाकटे सुधारक. माझं मत विचारलं गेलं, ते मला मोटारीतलं कळतं म्हणून नव्हे. बँकेतला माणूस बाजूने असला की कर्ज लवकर मिळतं, अशी दोघांचीही भाबडी समजूत आहे म्हणून.

धाकट्यांची यादी आधी बघू, कारण ती लवकर निकालात निघते. एसी, नवं इंजिन, खालचा गिअर आणि रुंद टायर. या यादीवर माझा आक्षेप रसिकतेचा आहेच, पण त्याआधी कायद्याचा आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे. शिवाय एवढं सगळं नवं हवं असेल तर नवी गाडी घ्यावी. डुकराला कशाला त्रास?

थोरल्यांचं प्रकरण अवघड, कारण ते सज्जन आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. वीस हजार रुपये भरले की नवी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा नंबर. मात्र तो मिळाला की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे पद्मश्री मिळाल्याबरोबर गाणं बंद!

आणि थोरल्यांना हवा असलेला तो आरशासारखा रंग? कुर्ल्याच्या कारखान्यात तरी गाडी इतकी चकाकत होती का? ज्या कारागिराने ती रंगवली त्याला संध्याकाळची लोकल गाठायची होती. जीर्णोद्धार करणारे गाडीला तिच्या जन्माच्या वेळीही नव्हतं इतकं तरुण करतात.

थोरले परदेशचे दाखले फार देतात म्हणून एक परदेशचाच सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनात सर्वोच्च मान १९३४ सालच्या एका बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. जीर्णोद्धार न केलेल्या गाडीला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला. ही गाडी एके काळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती. त्यांच्या काळचा काळा रंग आणि पिवळा पट्टा तिच्यावर अजून आहे. बुगाटीची गाडी निळीच हवी म्हणून कोणी निळ्या रंगाचा डबा घेऊन धावलं नाही.

आमच्या फियाटमध्येही एका राजाच्या खुणा आहेत. डॅशबोर्डवर सासरेबुवांनी १९७२ साली एक पितळी हूक ठोकला, सासूबाईंची पिशवी अडकवायला. हॉर्न बिघडला तेव्हा दाराच्या घंटीचं बटण बसवलं. थोरल्यांच्या हिशेबात हूक म्हणजे परीक्षकांकडून कापले जाणारे गुण. धाकट्यांच्या आराखड्यात डॅशबोर्डच नाही, तर हूक कुठला? तेव्हा हूक जाणार यावर दोघा भावांचं एकमत आहे. गेल्या दहा वर्षांतलं हे पहिलंच.

आमच्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट मूळ संहितेतली नव्हे असं त्या पंडितांनी ठरवलं. पण ठरवून काय केलं? फेकली नाही. परिशिष्टात छापली. हवी त्याने वाचावी. आमच्या खातेवहीतही हाच रिवाज. आकडा चुकला तर खोडरबर वर्ज्य. एक रेघ मारायची, शेजारी सही करायची, आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

तेव्हा माझा अभिप्राय असा. गंज काढा, गंज म्हणजे इतिहास नव्हे. ब्रेकचं रबर नवं घाला. १९५७ सालचं रबर घेऊन कात्रजचा घाट उतरणं म्हणजे निष्ठा नव्हे, आत्मार्पण. डायनामोच्या जागी आल्टरनेटर खुशाल बसवा, पण पत्रा कापायचा नाही, नवं भोक पाडायचं नाही, आणि निघालेला डायनामो चिठ्ठी लावून डिकीत ठेवायचा. उद्या नातवाला वाटलं तर त्याला तो परत बसवता यावा. रंग जिथे टिकलाय तिथे हात लावू नका. हूक राहील.

दोघा मेव्हण्यांनी हा अभिप्राय शांतपणे ऐकला आणि कर्जाचं काय ते विचारलं.

सध्या थोरल्यांनी व्हीए नंबरचा अर्ज भरून ठेवला आहे. गाडी मात्र सासूबाईंच्या नावावर आहे आणि अर्जावर सही त्यांची लागते. त्यांना दर चतुर्थीला त्या गाडीतून सारसबागेला जायचं असतं. अर्ज समोर ठेवला की त्या चष्मा शोधतात. चष्मा सापडला की पेन सापडत नाही.